नाव झाकून पाठव

लष्कर, ग्वाल्हेर
१४ जून २०२५

प्रिय शैला,

तुझी कथा पोचली. फोनच्या पडद्यावर वाचवेना म्हणून बाड्याजवळच्या दुकानातून छापून आणली, बावीस पानं झाली. परवा रात्री लाइट गेली होती. गच्चीवर पाणी मारलं, सतरंजी टाकली आणि चार्जिंगच्या दिव्यात एका बैठकीत संपवली. काल सकाळी हातात पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली. फोन करणार होते, पण फोनवर आपलं बोलणं सुना-नातवंडांकडे वळतं आणि कथा बाजूला राहते. म्हणून कागद घेऊन बसले आहे.

आधी तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. दिवाळी अंकाच्या स्पर्धेत कथा पाठवण्याआधी भाऊजींकडून त्या संपादकांना एक फोन करवू का, असं तू लिहिलंस. नको गं. मुळीच नको. हे वाचून मला वाईट वाटलं, आणि ते तुझ्यापासून लपवायचं नाही. चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या कथास्पर्धेत आपल्या दोघींच्या कथा न वाचताच बाजूला पडल्या होत्या. निकाल लागल्यावर कळलं की पहिलं बक्षीस ज्या मुलीला मिळालं तिचे काका परीक्षकांच्या घरी रोज संध्याकाळी चहाला असत. त्या दिवशी फूलबागच्या कट्ट्यावर बसून तू रडली होतीस. बक्षीस गेलं म्हणून नव्हे. 'आपलं कोणी वाचलंच नाही' म्हणून. आज फोन करवलास तर तुझी कथा तरी कोण वाचणार? फोनच वाचला जाईल.

गेल्या महिन्यात, २० मे रोजी, जयंत नारळीकर सर गेले. बातमी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, कुकरची दुसरी शिटी व्हायची होती. गॅस बंद केला आणि बराच वेळ तशीच उभी राहिले. त्यांना मी कधी भेटले नाही, लांबूनसुद्धा पाहिलं नाही. तरी घरातलं माणूस गेल्यासारखं का वाटलं, याचा विचार तेव्हापासून डोक्यात आहे, आणि तुझ्या पत्रातल्या त्या एका ओळीनं तो पुन्हा वर काढला.

'कृष्णविवर' कथेची हकीकत तुला अर्धीमुर्धी ठाऊक असेल. मी पुरती सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. १९७४ साल. मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती. नारळीकर अहमदाबादेत एका परिषदेला गेले होते आणि तिथलं एक व्याख्यान रंगेना. टिपणं काढायला दिलेल्या कागदांवर त्यांनी कथा लिहायला घेतली. ती पुरी झाल्यावर वाटलं, स्पर्धेला पाठवावी. पण नाव? तेव्हा ते कोण होते हे जरा आठव. बनारसच्या घरी फळ्यावर मोरूमामा एक कठीण गणित लिहून ठेवायचे आणि ते सुटेपर्यंत फळा पुसला जायचा नाही, त्या घरातला हा मुलगा. केंब्रिजला रँग्लर झालेला. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला १९६४ साली, आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण. १९७२ मध्ये परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, तेव्हा शाळकरी पोरांनाही त्यांचं नाव पाठ होतं. अशा माणसाची कथा समोर आली तर परीक्षक काय करणार? कथा बाजूला ठेवून लेखकालाच हार घालणार.

मग त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना. चं ना. वि. ज. झालं, आणि त्यातून नारायण विनायक जगताप नावाचा लेखक जन्माला आला. हस्ताक्षर ओळखलं जाईल अशी शंका होती, म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या अक्षरात उतरवून घेतली. त्या जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

हे मी अकरावीच्या वर्गात दरवर्षी सांगायची. मुलं हसायची, त्यांना ती गंमत वाटायची. मला ती कधीच गंमत वाटली नाही. हा माणूस व्यवसायानं प्रयोग जाणणारा होता, आणि त्यानं स्वतःवर एक प्रयोग केला. माझं लिखाण चांगलं आहे की माझं नाव मोठं आहे, हे दोन घटक वेगळे करायचे असतील तर एक झाकावा लागतो. नाव झाकता येतं. लिखाण झाकलं तर उरतं काय? म्हणून नाव झाकलं.

आता दुसरी गोष्ट घे, चौतीस वर्षांनंतरची. २००८ साली पुण्यात त्यांनी, दाभोलकरांनी आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या मागे राहिलेल्या मुलांच्या, अशा दोनशे पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना आवाहन केलं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका, नाव-गाव काही नाही, फक्त कुंडली. कोणती हुशार मुलाची आणि कोणती नाही एवढंच सांगायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी शेकडा ४६ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आली असती. या चाचणीवर त्या वेळी खूप ओरड झाली, आमच्या गल्लीतसुद्धा. पण मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? जी कसोटी त्यांनी ज्योतिषांना लावली, तीच स्वतःला आधी लावली होती, १९७४ मध्ये, पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झालेली असताना. लोकांना 'आंधळी परीक्षा द्या' म्हणण्याचा अधिकार त्या माणसानं असा कमावला होता. आणि तू, जिची अजून एकही कथा छापून आलेली नाही, ती फोन करवणार?

रागावू नकोस. पुढे वाच.

कृष्णविवर हा शब्द आज भाजीवालासुद्धा ऐकून असतो. तेव्हा 'ब्लॅक होल' हे नाव इंग्रजीतही नवं होतं, जॉन व्हीलरनं ते रूढ केलं १९६७ पासून, म्हणजे जेमतेम सात वर्षं. सूर्य तीन किलोमीटर त्रिज्येत कोंबला तर त्याचं कृष्णविवर होईल, पृथ्वीचं व्हायचं तर ती एखाद्या बोराएवढी करावी लागेल, आणि त्याच्या जवळपास काळच मंद चालतो, हे सगळं मराठीत, कथेतून, घरबसल्या वाचकाच्या हातात ठेवणं केवढी मोठी गोष्ट होती! पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. आपल्या ग्वाल्हेरच्या १९६१ च्या संमेलनानंतर संमेलनाला लाभलेल्या त्या दुसऱ्या स्त्री अध्यक्ष. पहिल्या कुसुमावती देशपांडे, आणि त्या अध्यक्ष झाल्या त्या इथे, आपल्या गावात. आई तेव्हा कुमारिका होती, स्वयंसेवक म्हणून पाण्याचे पेले भरत होती, हे तिनं मला पन्नास वेळा सांगितलं असेल. १९६१ म्हणजे पानिपताला दोनशे वर्षं झाली होती, हे मात्र माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

पानिपतावर आलेच आहे तर थांबत नाही, कारण मला खरं लिहायचं होतं ते हेच.

पलीकडच्या घरातली मुलगी माझ्याकडे फिजिक्स शिकायला येते. घरात हिंदी बोलणारी, वडील दालबाजारात. मार्चमध्ये परीक्षेच्या तोंडावर ती इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली, अकरावीचं एनसीईआरटीचं, आणि म्हणाली, "आंटी, ये पानिपत वाला चैप्टर आप समझा दो, इसमें फिजिक्स भी है।" पाहते तर 'गंगाधरपंतांचे पानिपत', इंग्रजीत. अगं, बनारसला वाढलेल्या कोल्हापूरच्या माणसाची मराठी कथा ग्वाल्हेरची हिंदीभाषक मुलगी इंग्रजीत वाचते आहे, आणि तिला ती समजावून सांगायची आहे मला, जिचं आडनावच पानिपताहून परतलेल्यांचं आहे!

तिच्याबरोबर ओळ न् ओळ वाचली. गंगाधरपंत जिजामाता एक्स्प्रेसनं मुंबईला जातात आणि मुंबई वेगळीच निघते, ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. ते टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन स्वतःच लिहिलेले इतिहासाचे पाच खंड काढतात. चार खंड जसेच्या तसे, पाचवा बदललेला. पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत, कारण विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून गेली, तीळभर अंतरानं. तो तीळ मला फार आवडतो, कारण लढाई झाली १४ जानेवारीची. मोठ्या घडामोडी तोफांनी होतात असं आपण समजतो, आणि नारळीकर तीळ दाखवतात. मग आझाद मैदानावरची ती सभा, जिथे गंगाधरपंत न विचारता व्यासपीठावर चढतात आणि लोक टोमॅटो फेकतात. आणि शेवटी खिशात उरलेला बखरीचा फाटका कागद. बाकी सगळं स्वप्न म्हणून उडवून लावता येईल, तो कागद उडवता येत नाही. राजेंद्र देशपांडे त्यावर पुंजभौतिकीचं स्पष्टीकरण देतो: इलेक्ट्रॉन या वाटेनं गेला की त्या, हे आधी सांगता येत नाही, तर मग दोन्ही वाटांची जगं असू शकतात.

वाचून झाल्यावर मुलीनं विचारलं, "आंटी, वो बच जाते तो ग्वालियर में क्या होता?"

शैला, पन्नाशी उलटून वर दहा वर्षं झाली आणि हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. मी तिला महादजींची गोष्ट सांगितली. पळापळीत पाठलाग करणाऱ्या पठाणाच्या वारानं पाय जायबंदी झालेला तो तरुण, आणि त्याला आपल्या बैलावर घालून वाचवणारा राणेखान भिस्ती. पखालीनं पाणी वाहणारा माणूस! त्याचा बैल त्या दिवशी दुसऱ्या वाटेनं गेला असता तर? शिंद्यांच्या घरातले कर्ते पुरुष एकामागून एक पडले होते, दत्ताजी वर्षभर आधीच बुराडी घाटावर, जनकोजी पानिपतात पकडले गेले. तो लंगडा महादजी उरला म्हणून पुढे उत्तरेत दौलत उभी राहिली, आणि दौलतरावांच्या काळात १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी पडली. त्या छावणीचं नाव लष्कर, आणि मी पत्राच्या डोक्यावर जो पत्ता लिहिते तो तिचाच. विश्वासराव वाचले असते तर कदाचित दत्त मंदिराच्या गल्लीत तुझं माझं घर नसतं, आपण 'बाड्यावर जाऊन येते' म्हणालो नसतो, सातारकडे कुठेतरी वेगळ्या मराठीत बोललो असतो, एकमेकींना भेटलोही नसतो. ही कथा पुण्या-मुंबईचा वाचक 'जिंकलो असतो तर' अशा हळहळीनं वाचतो. मी पुन्हा वाचताना माझा हात उशाशी असलेल्या तुझ्या कथेवर गेला. त्या हरलेल्या लढाईतूनच आपली मैत्री आली आहे.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं की तू असतीस, मी बहुतेक नसते. ती गंभीर झाली आणि तिनं वहीत एक बैल काढला.

आता तुझी कथा. (तू आतापर्यंत पान चाळून इथेच आली असशील.)

कल्पना उत्तम आहे. चतुर्भुज मंदिरातल्या शिलालेखातलं शून्य एका रात्रीत दगडावरून नाहीसं होतं. हे कोणाला सुचावं, तर किल्ल्याची ती चढण शाळेपासून हजारदा चढलेल्या बाईलाच. तुझं वर्णनही खरं आहे, बाकीच्या आकड्यांपेक्षा ते वर्तुळ लहान, जरा वर सरकलेलं, हाताच्या बोटानं चाचपडावं असं. संवत् ९३३, म्हणजे इसवी सन ८७६. १८७ हात रुंद आणि २७० हात लांब अशी फुलांची बाग देवाला दिली आणि रोज ५० माळा द्यायच्या. इथपर्यंत सगळं बरोबर.

पण तू शून्य फक्त २७० मधलं पुसलंस. बाग २७ हातांची झाली आणि माळ्याला ५० माळा पुरेनात, यावर तुझी पुढची सगळी कथा उभी आहे. ५० मध्येही शून्य आहे, शैला! ते गेलं तर माळा पाचच उरतात. बाग एक दशांश, माळाही एक दशांश. एका माळेमागे पूर्वीइतकीच जमीन, गणित करून पाहा, १,००९.८ चौरस हात तेव्हाही आणि आताही. माळ्याला काहीच कळणार नाही. हा दोष बारीक नाही, कारण विज्ञानकथेत एक अशक्य गोष्ट मागून घेता येते, दुसरी नाही. नारळीकरांनी एक गोळी तीळभर सरकवली आणि मग हात मागे घेतला. पुढचं सगळं त्या तिळाच्या मागे आपोआप चालत गेलं.

आणि हा दोष म्हणजे तुझ्या कथेचं सोनं आहे असं मला वाटतं. माळ्याला कळत नाही, राजाला कळत नाही, हिशेब सगळीकडे जुळतो. मग कळतं कोणाला? जो रोज पन्नास माळा गळ्यात घालून घ्यायचा आणि आता पाच घालतो, त्याला. किंवा फुलं वेचणाऱ्या त्या म्हातारीला, जिचे हात पन्नास माळांच्या सवयीचे आहेत आणि सकाळी लवकर रिकामे होतात. पान सतरावर ती दोन ओळींत येऊन जाते. सुईत दोरा ओवताना ती दोरा ओठांत ओला करते, तेवढं एक वाक्य बावीस पानांत सगळ्यात जिवंत आहे. तिच्यापासून सुरू कर.

पान नऊ ते पंधरा प्रोफेसर बोलतात. ती सात पानं काढ. हे मी नारळीकरांवर एवढं प्रेम करूनही म्हणते, कारण त्यांच्याही कथांमध्ये माणसं पुष्कळदा खुर्चीत बसून एकमेकांना विज्ञान समजावतात, आणि तिथे कथेचा वेग पडतो. त्यांना ते क्षम्य होतं. मराठीत वाट नव्हती, पायवाट पाडताना फावडं दिसणारच. आज वाचकाला शून्य म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. त्यांच्याकडून घ्यायचं ते वेगळं घे. हॉइलबरोबर धरलेली विश्वाची स्थिर-स्थिती कल्पना, म्हणजे विश्वाला आरंभच नाही ही, १९६५ नंतर बहुतेकांनी सोडली, यांनी सोडली नाही, १९९३ मध्ये ती नव्या रूपात पुन्हा मांडली. त्यांचं त्यात बरोबर होतं असं मला वाटत नाही, पुरावा दुसऱ्या बाजूला आहे. पण सगळं जग एकीकडे असताना आपला हिशेब पुन्हा पुन्हा तपासत बसणं, न चिडता, ही शिस्त लिहिणाऱ्यालाही लागते. हीच शिस्त आयुकामधल्या, म्हणजे त्यांनी पुण्यात उभारलेल्या खगोलसंस्थेतल्या, त्या पोस्टकार्डांतही होती. मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तरासह सही मिळेल. सही फुकट नाही, त्यासाठी प्रश्न पडला पाहिजे.

तुला आठवतं का, आपणही एक कार्ड आणलं होतं, पंधरा पैशांचं? प्रश्न कोणता लिहायचा यावर दोन दिवस वाद घातला आणि मग तुझं लग्न ठरलं. ते कार्ड मला मिळालं नाही, शोधलं. आता प्रश्न तयार आहे आणि पाठवायला पत्ता नाही.

म्हणून तरी कथा नीट कर आणि पाठव. ऑगस्टची मुदत आहे म्हणालीस, दीड महिना पुरेल. म्हातारीपासून सुरू कर, दोन्ही शून्यं पुस, प्रोफेसरांना घरी पाठव. स्पर्धेच्या नियमांत टोपणनाव चालतं की नाही ते पाहा, मला वाटतं चालावं. भाऊजींना यातलं काही सांगू नकोस. टाइप मुलाकडून करून घे, म्हणजे तुझं अक्षरही नको. आणि कोणतं नाव घेतेस ते मलासुद्धा कळवू नकोस. दिवाळीत अंक आला की मी अनुक्रमणिका न पाहता सगळ्या कथा वाचीन. दोरा ओठांत ओला करणारी बाई जिथे भेटेल, तिथे थांबेन.

तुझी,
मंदा